संगणक स्वतः जुळवताना...

घरच्या घरी डेस्कटॉप संगणक जुळवणे हे काम लांबून वाटते तितके अवघड नाही. सुटे भाग टेबलावर आले, की एक चांगला स्क्रू-ड्रायव्हर आणि सुटीच्या दिवसाची मोकळी दुपार एवढ्या भांडवलावर ते पार पडते. कुठेही सोल्डरिंग करावे लागत नाही, की तारा सोलाव्या लागत नाहीत. बहुतेक जोडण्या अशा बेतलेल्या असतात, की चुकीच्या दिशेने त्या सहसा बसतच नाहीत. तरीही पहिल्यांदा संगणक जुळवणाऱ्यांचे पैसे वाया जातात, आणि ते बहुतांशी दुकानाच्या काउंटरवरच जातात. प्रोसेसरशी न जुळणारा मदरबोर्ड, गरज नसताना घेतलेले ग्राफिक्स कार्ड आणि शेवटी उरलेल्या पैशांत उरकलेला स्वस्त एसएमपीएस या चुका स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वीच घडून गेलेल्या असतात. म्हणूनच संगणक स्वतः जुळवायचा, तर निम्म्याहून अधिक वेळ कागद-पेन्सिल घेऊन यादी करण्यात घालवावा, हे उत्तम.

खुल्या रचनेचा वारसा

वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेले भाग एकाच डब्यात गुण्यागोविंदाने नांदतात, यामागे चार दशकांहून अधिक काळाचा इतिहास आहे. आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याचे बहुतेक भाग बाहेरून घेतलेले होते आणि त्याची तांत्रिक माहिती पुस्तिकेच्या रूपात उपलब्ध होती. हक्क राखीव होते ते मुख्यतः ‘बायोस’ या मूलभूत आज्ञावलीचे. कॉम्पॅक कंपनीने मूळ आज्ञावलीची नक्कल न करता तेच काम करणारी स्वतःची बायोस लिहवून घेतली आणि १९८२ मध्ये आयबीएमशी सुसंगत संगणक जाहीर केला. त्यानंतर सुट्या भागांची बाजारपेठ झपाट्याने वाढली. पुढे १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ हा आराखडा मांडला. मदरबोर्डचा आकार, स्क्रूंची भोके आणि वीजजोडणी यांची मापे त्यात ठरवून दिली गेली. आजही बाजारातील बहुतेक कॅबिनेट आणि मदरबोर्ड याच मापांना धरून बनतात.

महाराष्ट्राला ‘असेम्बल्ड’ संगणक नवा नाही. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली या ठिकाणांहून घरोघरी असे संगणक गेले. मात्र त्या काळी भागांची जुळणी दुकानदार किंवा ओळखीचा ‘हार्डवेअरवाला’ करत असे आणि ग्राहकाच्या हाती तयार डबा पडे. स्वतः जुळवणी करताना हार्डवेअरवाल्याचे हे काम ग्राहकाकडे येते. त्यातील हात चालवण्याचा भाग सोपा आहे, डोके चालवण्याचा भाग शिकून घ्यावा लागतो.

आधी काम ठरवा

दुकानदाराकडून कोटेशन मागवण्यापूर्वी संगणकावर नेमके काय करायचे आहे, हे लिहून काढावे. शाळा-कॉलेजचा अभ्यास, इंटरनेट, पत्रव्यवहार, हिशेब, चित्रपट पाहणे आणि थोडेफार प्रोग्रॅमिंग यांसाठी वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची आवश्यकता नसते. प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेली ग्राफिक्स क्षमता त्याला पुरेशी ठरते. स्थापत्यशास्त्राचे त्रिमितीय आराखडे, व्हिडिओ संपादन, नव्या धाटणीचे खेळ किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग ही कामे असतील, तरच स्वतंत्र कार्डाचा खर्च सार्थकी लागतो. अनेकदा हे कार्डच साऱ्या संगणकातील सर्वांत महाग भाग असते. त्यामुळे हा एक निर्णय बरोबर घेतला, की अंदाजपत्रकाची निम्मी चिंता मिटते.

येथे मॉडेलच्या नावामागील एका अक्षराकडे लक्ष द्यावे. इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या क्रमांकापुढे ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात अंतर्भूत ग्राफिक्स नसते. एएमडीच्या नव्या मालिकांतही ‘एफ’चा अर्थ तोच आहे. त्यांच्या ‘एएम ४’ पिढीत तर ‘जी’ अक्षर नसलेल्या प्रोसेसरमधूनही पडद्यावर काही उमटत नाही. असे प्रोसेसर काहीसे स्वस्त मिळतात; परंतु ग्राफिक्स कार्ड घ्यायचे नसेल, तर घरी आल्यावर पडदा काळाच राहतो आणि दोष कुठे आहे हे नवख्याच्या ध्यानात येत नाही.

अंदाजपत्रकात आणखी एक फसगत संभवते. कोटेशनमध्ये बहुधा कॅबिनेटच्या आतील भागच धरलेले असतात. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, यूपीएस आणि विंडोज वापरायचे असल्यास तिचा अधिकृत परवाना यांची रक्कम वेगळी मांडून ठेवावी. काचेची कॅबिनेट आणि रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे यांवर खर्च झालेले हजार-दोन हजार रुपये रॅम किंवा एसएमपीएसवर लावले, तर ते अधिक उपयोगी पडतात.

जुळणीचे गणित

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. जुळणीची सुरुवात येथूनच होते. एएमडीचे ‘एएम ४’ सॉकेट २०१६ मध्ये आले आणि ‘एएम ५’ २०२२ मध्ये. इंटेलचे ‘एलजीए १७००’ २०२१ मध्ये, तर ‘एलजीए १८५१’ २०२४ मध्ये बाजारात आले. एका सॉकेटचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. सॉकेट जुळले म्हणजे काम संपले, असेही नाही. मदरबोर्ड आधीचा आणि प्रोसेसर नंतरचा असेल, तर बोर्डातील बायोस अद्ययावत केल्याशिवाय तो प्रोसेसर ओळखला जात नाही. प्रत्येक मदरबोर्ड उत्पादक आपल्या संकेतस्थळावर त्या-त्या बोर्डावर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी देतो आणि बायोसची कोणती आवृत्ती लागेल, हेही नोंदवतो. ही यादी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

रॅमचेही तसेच. ‘डीडीआर ४’ आणि ‘डीडीआर ५’ या दोन्हींच्या पट्ट्यांवर २८८ संपर्कबिंदू असले, तरी मधली खाच वेगळ्या जागी असते. एक दुसरीच्या जागी बसत नाही. ‘एएम ४’ला डीडीआर ४, ‘एएम ५’ला डीडीआर ५ लागते. ‘एलजीए १७००’चे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारांत निघाले, त्यामुळे तेथे बोर्डाचे पूर्ण नाव वाचून खात्री करावी. १६ जीबी रॅम हवी असेल, तर सामान्यतः एका पट्टीपेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन पट्ट्यांमुळे प्रोसेसरला रॅमशी दोन मार्गांनी बोलता येते. ज्यांचे ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे, त्यांना याचा फरक विशेष जाणवतो.

साठवणुकीसाठी आता यांत्रिक हार्डडिस्कऐवजी एसएसडी घेणे इष्ट. सर्वसाधारणपणे वापरली जाणारी ‘२२८०’ मापाची ‘एम.२’ एसएसडी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते. त्या आकड्याचा अर्थच तो. मात्र एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. त्या आकारात ‘साटा’ आणि ‘एनव्हीएमई’ अशा दोन पद्धतींच्या एसएसडी मिळतात आणि दुसरी बरीच वेगवान असते. मदरबोर्डवरील जागा कोणत्या पद्धतीची आहे, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

उरला प्रश्न मापांचा. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ गुणिले २४४, तर मिनी-आयटीएक्स अवघा १७० गुणिले १७० मिलिमीटरचा असतो. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, उलट शक्य नाही. कॅबिनेटच्या माहितीत ग्राफिक्स कार्डाची कमाल लांबी आणि कूलरची कमाल उंची दिलेली असते. हे दोन आकडे कार्डाच्या व कूलरच्या मापांशी ताडून पाहावेत. झाकण न लागणारी कॅबिनेट ही नवशिक्यांच्या वाट्याला हमखास येणारी डोकेदुखी आहे.

एसएमपीएसवर काटकसर नको

भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज संगणकाच्या भागांना लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलण्याचे काम एसएमपीएस करतो. बाकी सारे भाग त्याच्यावर विसंबून असतात. तो निकृष्ट असेल आणि बिघडताना त्याने भलताच दाब पुढे सोडला, तर आपल्याबरोबर मदरबोर्ड आणि एसएसडीलाही तो घेऊन जाऊ शकतो. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणाऱ्या एसएमपीएसचा मोह म्हणूनच टाळावा.

किती वॅटचा घ्यावा, याचा हिशेब सोपा आहे. ग्राफिक्स कार्ड नसलेला घरगुती संगणक कामाच्या भरातही सहसा दीडशे वॅटच्या आतच राहतो. त्याला ४५० वॅटचा दर्जेदार एसएमपीएस पुरून उरतो. दोनशे वॅटच्या आसपास वीज घेणारे कार्ड असेल, तर ५५० ते ६५० वॅटचा घ्यावा. कार्डाचा उत्पादक किमान किती वॅटची शिफारस करतो, ते खोक्यावर किंवा संकेतस्थळावर असते. ‘८० प्लस’ हे चिन्ह कार्यक्षमतेचे आहे, म्हणजे वीज किती कमी वाया जाते याचे. ते असावेच, परंतु टिकाऊपणाची हमी म्हणून त्याकडे पाहू नये. उत्पादकाने दिलेल्या वॉरंटीची वर्षे हा त्याहून बोलका पुरावा.

पावसाळ्यात विजेचा लपंडाव चालणाऱ्या भागांत यूपीएस आवश्यकच. त्यावरील ‘व्हीए’ आणि वॅट यांत गल्लत होऊ देऊ नये. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारणतः ३६० वॅटचाच भार पेलतो. आणि या सर्वांआधी घरातील तीन पिनच्या प्लगला खरोखरच अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येत असतील, तर अर्थिंग नाही असे समजावे आणि ते दुरुस्त होईपर्यंत संगणक वापरू नये.

बिल आणि वॉरंटी

तयार ब्रँडेड संगणकाला एकच वॉरंटी असते आणि तक्रार एकाच ठिकाणी नोंदवता येते. स्वतः जुळवलेल्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, मुदत वेगळी आणि सेवा केंद्रही वेगळे. खोक्यातून येणाऱ्या प्रोसेसरला बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते. रॅम आणि चांगल्या एसएमपीएसला त्याहून अधिक. ‘ट्रे’ प्रोसेसर म्हणून जो माल स्वस्तात मिळतो, त्याला उत्पादकाची वॉरंटी ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. विक्रेता देईल तीच. स्वतः जुळवण्याची ही किंमत आहे आणि ती आधीच ठाऊक असलेली बरी.

म्हणूनच प्रत्येक भागाचे जीएसटीसह पक्के बिल घ्यावे आणि त्यावर अनुक्रमांक नोंदवून घ्यावा. बिलाविना मिळणारी सवलत वॉरंटीच्या वेळी महागात पडते. सर्व खोकी आणि आतील संरक्षक भाग किमान वर्षभर जपून ठेवावेत. सणासुदीच्या सवलतीसाठी एक भाग आज आणि दुसरा तीन महिन्यांनी, अशी खरेदीही शक्यतो टाळावी. मदरबोर्ड येईपर्यंत प्रोसेसर तपासता येत नाही आणि तोवर बदलून देण्याची मुदत उलटून जाते. किमतींचा बाजार चंचल असतो, हेही लक्षात असू द्यावे. २०२५ च्या अखेरीस डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने जगभर रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. जुन्या अंदाजपत्रकावर विसंबून बाजारात जाणे त्यामुळेच योग्य नव्हे.

जोडणीचा क्रम

टेबल मोकळे आणि कोरडे असावे. गालिचावर उभे राहून किंवा लोकरी-कृत्रिम कपडे घालून काम करू नये, कारण त्यातून निर्माण होणारी स्थिर विद्युत नाजूक भागांना अपाय करते. भाग हाताळण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला अधूनमधून स्पर्श करावा. बोर्ड कडेने धरावा.

प्रथम प्रोसेसर. त्याच्या एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवरही असतो. दोन्ही त्रिकोण एका बाजूला आणून प्रोसेसर अलगद ठेवावा. जोर लावण्याचा प्रश्नच येत नाही. ‘एलजीए’ प्रकारात पिना सॉकेटमध्ये असतात, त्यांना बोटाचाही स्पर्श होऊ नये. दांडी बंद करताना मात्र थोडा जोर लागतो आणि वरचे प्लास्टिकचे झाकण आपोआप उडून बाहेर येते. ते जपून ठेवावे, वॉरंटीच्या वेळी लागते. त्यानंतर रॅम. चार जागा असतील आणि पट्ट्या दोन, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत त्या बसवाव्यात. ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दोन्ही टोके सारखी दाबावीत. एम.२ एसएसडी तिरकी सरकवून आडवी करावी आणि स्क्रूने अडकवावी.

कूलरच्या तळाशी थर्मल पेस्ट आधीच लावलेली नसेल, तर वाटाण्याएवढा ठिपका प्रोसेसरच्या मध्यभागी ठेवावा. तळावर पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेले असल्यास ते सोलून काढावे. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे आवळावेत आणि पंख्याची वायर बोर्डवर ‘सीपीयू फॅन’ असे लिहिलेल्या जागीच जोडावी.

या टप्प्यावर बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याची घाई करू नये. मदरबोर्डच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावरच तो ठेवून एसएमपीएस आणि मॉनिटर जोडावा आणि एकदा सुरू करून पाहावा. पडद्यावर बायोसचे पान उमटले, तर मुख्य भाग सुस्थितीत आहेत असे समजावे. नंतर प्लग काढून पुढचे काम हाती घ्यावे. कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली पितळी स्टँडऑफ असतात. बोर्डावरील भोकांच्या खालीच ते असावेत. भलत्या जागी राहिलेला एखादा स्टँडऑफ बोर्डच्या मागील बाजूस टेकून शॉर्टसर्किट घडवू शकतो. मागील पत्र्याची पट्टी सुटी असेल, तर ती आधी बसवावी. एसएमपीएसच्या २४ पिनच्या जोडणीबरोबरच प्रोसेसरसाठीची आठ पिनची वेगळी वायर असते. ती विसरण्याचे प्रमाण मोठे आहे. सुट्या होणाऱ्या वायरींचा एसएमपीएस असेल, तर त्याच्यासोबत आलेल्या वायरीच वापराव्यात. दुसऱ्या एसएमपीएसच्या वायरी दिसायला सारख्या असल्या, तरी आतील क्रम निराळा असू शकतो आणि मग भाग जळतात.

पडदा काळाच राहिला तर...

पहिल्यांदा कळ दाबल्यावर काहीच न दिसणे, हा प्रसंग सर्रास घडतो. घाबरून सारे सुटे करण्याऐवजी क्रमाने पाहावे. एसएमपीएसच्या मागील बटण चालू आहे का? आठ पिनची वायर बसली आहे का? ग्राफिक्स कार्ड असल्यास मॉनिटरची केबल बोर्डाला नव्हे, तर कार्डाला जोडली आहे का? रॅम पूर्ण बसली आहे का? एकच पट्टी ठेवून संगणक सुरू होतो का? अलीकडच्या अनेक बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. जो दिवा लागून राहतो, तेथे शोध घ्यावा. डीडीआर ५ रॅम असलेल्या संगणकाला पहिल्यांदा सुरू होताना रॅमची पारख करण्यासाठी काही मिनिटे लागू शकतात. त्या वेळी पडदा काळाच असतो आणि तेव्हा धीर धरणे हाच उपाय.

बायोसमध्ये गेल्यावर प्रोसेसरचे तापमान आणि रॅमचा आकडा पाहावा. नुसत्या बायोसच्या पानावर तापमान चढतच राहिले, तर कूलर नीट बसलेला नाही. रॅम विकताना सांगितलेला वेग बहुधा आपोआप मिळत नाही. त्यासाठी ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ हा पर्याय सुरू करावा लागतो.

विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नव्या संगणकावर विंडोज ११ टाकायची, तर ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षासुविधा बायोसमध्ये सुरू असावी लागते. परवान्याचा खर्च नको असेल, तर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. देवनागरी टंकलेखनाची सोय दोन्हींत आहे आणि त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही.

कोणासाठी, कशासाठी?

केवळ पैसे वाचवण्यासाठी स्वतः संगणक जुळवणाऱ्यांची निराशा होऊ शकते. साध्या वापराचा तयार संगणक काही वेळा तेवढ्याच किमतीत, शिवाय घरपोच सेवेसह मिळतो. घरात कोणालाही या कामाची आवड नसेल आणि दुरुस्तीसाठी हाकेच्या अंतरावर कोणी नसेल, तर तोच पर्याय शहाणपणाचा. मात्र काही तयार संगणकांत एसएमपीएस आणि मदरबोर्ड त्या कंपनीच्या खास मापाचे असतात. चार-पाच वर्षांनी त्यातील एक भाग गेला, तर बाजारातील दुसरा चालत नाही आणि चांगल्या स्थितीतील उरलेले भागही भंगारात जातात.

स्वतः जुळवलेल्या संगणकाचा लाभ कळतो तो याच वेळी. कॅबिनेट आणि एसएमपीएस दोन-दोन पिढ्या चालतात. रॅम वाढवता येते. एसएसडी बदलता येते. आज परवडले नाही ते ग्राफिक्स कार्ड दोन वर्षांनी बसवता येते. संगणक बंद पडला, तर दोष कुठे असावा याचा अंदाज घरातल्याच कोणाला तरी असतो आणि ‘मदरबोर्डच गेला’ असे कोणी सांगितले, तर ते पडताळून पाहता येते. त्यासाठी भागांची यादी, बिले आणि बोर्डाची माहितीपुस्तिका एका पाकिटात घालून कॅबिनेटशेजारीच ठेवावीत. पुढच्या दुरुस्तीची सुरुवात त्या पाकिटापासूनच होणार असते.